कोळ्याच्या कथेचे पाठभेद

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न अरॅक्नी या एकाच ग्रीक कथेविषयी असल्यामुळे ते एकत्र घेतले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात थोडेफार मिसळणार आहे, म्हणून ते क्रमाने वाचावेत.

प्रश्न : ग्रीक पुराणकथांच्या एका संग्रहात देवी अथेना विणकामाची पैज जिंकते आणि गर्विष्ठ अरॅक्नीला कोळी करून टाकते, असे वाचले. दुसऱ्या पुस्तकात अरॅक्नीचेच काम सरस ठरते आणि देवी मत्सराने तिला शिक्षा करते. तिसऱ्या ठिकाणी पैजेचा उल्लेखच नव्हता. तेथे अरॅक्नीला एक भाऊ होता. यांपैकी मूळ आणि खरी कथा कोणती, याचा कृपया खुलासा करावा.

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘मूळ’ या शब्दापाशीच आधी थांबावे लागेल. ज्या कथेला आपण ग्रीक म्हणतो, तिचा सलग आणि पूर्ण स्वरूपात हाती असलेला सर्वांत जुना पाठ ग्रीक नाही, लॅटिन आहे. रोमन कवी ऑव्हिड याने इ. स. ८ च्या सुमारास ‘मेटॅमॉर्फोसेस’, म्हणजे ‘रूपांतरे’, हे पंधरा सर्गांचे काव्य पूर्णत्वास नेले. त्याच्या सहाव्या सर्गाच्या पहिल्या १४५ ओळी अरॅक्नीच्या आहेत. देवीचे नावही तेथे मिनर्व्हा किंवा पॅलस असे येते. त्यानंतर ही कथा सांगणाऱ्या बहुतेकांनी ती ऑव्हिडकडूनच उचलली आणि मिनर्व्हाच्या जागी अथेना घालून तिला पुन्हा ग्रीक करून घेतले.

ऑव्हिडची अरॅक्नी ही लिडियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील मुलगी. बाप इडमोन कोलोफोन शहरचा, लोकर जांभळ्या रंगात बुडवणारा रंगारी. आई वारलेली आणि तीही सामान्य घरातलीच. राहणे हायपेपा नावाच्या लहानशा गावी. हे तपशील कवीने उगाच दिलेले नाहीत. या मुलीपाशी कूळ नाही, नावाजलेले गाव नाही, जे काही आहे ते हातातल्या कसबात आहे, हे त्याला आधीच ठसवायचे आहे. त्मोलस डोंगरावरचे द्राक्षमळे आणि पॅक्टोलस नदीचे पाणी सोडून वनदेवता आणि जलदेवता तिचे काम पाहायला येतात. आणि तयार कापड पाहण्यात जेवढा आनंद, तेवढाच ते तयार होताना पाहण्यात त्यांना वाटतो. कच्च्या लोकरीचे गुंडे वळणे, ती बोटांनी ढगासारखी मऊ ओढणे, अंगठ्याने चाती फिरवणे, सुईने नक्षी भरणे, हे सारे कवी रेंगाळत सांगतो. पाहणाऱ्याला वाटावे की ही मिनर्व्हाचीच शिष्या. नेमके हेच अरॅक्नीला खपत नाही. देवी म्हातारीचे रूप घेऊन येते आणि सांगते की माणसांत पहिली म्हणवून घे, पण देवीची क्षमा माग. अरॅक्नी तिला झिडकारते. देवी प्रकट होते आणि दोन माग समोरासमोर उभे राहतात.

ऑव्हिडने ही कथा शून्यातून रचली का? तसे वाटत नाही. त्याच्या आधी सुमारे ३६ वर्षे, इ. स. पू. २९ च्या सुमारास, रोमन कवी व्हर्जिलने आपल्या शेतीविषयक काव्यात मधमाश्यांच्या पोळ्यावर येणारी संकटे सांगताना दारात सैल जाळी टांगणाऱ्या कोळ्याला ‘मिनर्व्हाला नकोसा झालेला’ असे विशेषण लावले आहे. त्याने पुढे काही स्पष्टीकरण दिलेले नाही. म्हणजे कोळी आणि ही देवी यांच्यातील वैर त्याच्या वाचकांना ठाऊक होते. त्याहून मागे जायचे तर कॉरिंथ येथे सापडलेली, इ. स. पू. ६०० च्या आसपासची, सुगंधी तेलाची एक छोटी कुपी आहे. तिच्यावर माग आणि स्त्रिया रंगवलेल्या असून काही अभ्यासकांनी त्यात हीच पैज पाहिली आहे. हा अर्थ सर्वमान्य नाही, आणि मलाही तो थोडा ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो.

आणखी मागे गेले की कथा संपते आणि नुसता कोळी उरतो. होमरच्या ‘ओडिसी’ या काव्याच्या सोळाव्या सर्गात घरी परतलेला नायकाचा मुलगा टेलेमॅकस विचारतो की आईने दुसरे लग्न केले आणि वडिलांच्या शय्येवर आता जळमटे धरली आहेत काय. त्याची आई पेनेलोपी हिच्यासारखी जगप्रसिद्ध विणकरीण ज्या काव्यात आहे, त्यात अरॅक्नीचे नाव कोठेही येत नाही. ग्रीक कवी हेसिअडचा उल्लेख मला अधिक गोड वाटतो. महिन्यातील शुभ-अशुभ दिवस सांगताना तो म्हणतो की बारावा दिवस उत्तम, त्या दिवशी हवेत झोके घेणारा कोळी आपले सूत काढतो, आणि स्त्रीनेही त्याच दिवशी माग उभा करून कामाला हात घालावा. कोळी आणि विणकरीण यांची ही शेजारशेजारची बैठक इ. स. पू. ७०० च्या सुमाराची आहे, आणि तिच्यात पैज नाही, शाप नाही, की मत्सर नाही. गंमत म्हणजे हेसिअडने वापरलेला कोळ्याचा शब्द पुल्लिंगी आहे. ग्रीक भाषेत या प्राण्याला पुल्लिंगी ‘अराख्नेस’ आणि स्त्रीलिंगी ‘अराख्ने’ असे दोन्ही शब्द होते. त्यातील दुसरा शब्द पुढे मुलीचे नाव झाला. तेव्हा ‘खरी कथा कोणती’ यापेक्षा ‘कोणता पाठ कोणाचा’ असे विचारणे अधिक योग्य होईल.

प्रश्न : ऑव्हिडच्या पाठापुरते बोलायचे तर पैज नक्की कोण जिंकले? माझ्या वाचनात दोन्ही उत्तरे आली आहेत.

उत्तर : दोन्ही उत्तरे आपल्या वाचनात आली, कारण ऑव्हिडने एकही दिलेले नाही. सर्व पाठभेद जेथून फुटतात ती जागा हीच आहे, म्हणून तेथे जरा सविस्तर थांबतो.

आधी दोघींनी काय विणले ते पाहू. मिनर्व्हाच्या कापडाच्या मध्यभागी अथेन्स नगरीच्या नावासाठी समुद्रदेव नेपच्यूनशी झालेला तिचा स्वतःचाच वाद आहे. बारा देव उंच आसनांवर गंभीरपणे बसले आहेत, नेपच्यून त्रिशूळाने खडक फोडतो आहे, देवीच्या भाल्याच्या आघातातून ऑलिव्हचे झाड उगवते आहे आणि विजय तिचा होतो आहे. चार कोपऱ्यांत चार लहान चित्रे आहेत आणि प्रत्येकात देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्या कोणाला तरी शिक्षा झाली आहे: कोणी डोंगर झाले, कोणी क्रौंच, कोणी करकोचा, कोणी देवळाच्या पायऱ्या. भोवती ऑलिव्हच्या पानांची, म्हणजे शांततेची, किनार. सगळे मोजूनमापून, समतोल. समोर बसलेल्या मुलीला दिलेली ताकीदही त्यात विणलेली.

अरॅक्नीच्या कापडाला मध्य नाही आणि कोपरेही नाहीत. एकामागून एक एकवीस प्रसंग वाहत जातात, आणि प्रत्येकात एखादा देव वेष बदलून कोणाला तरी फसवतो आहे. पहिली युरोपा: बैल झालेल्या ज्युपिटरच्या, म्हणजे ग्रीकांच्या झ्यूसच्या, पाठीवर बसलेली, मागे पडणाऱ्या किनाऱ्याकडे पाहत मैत्रिणींना हाका मारणारी, उसळणाऱ्या पाण्याच्या भीतीने पाय वर ओढून घेणारी. बैल खरा वाटावा आणि समुद्रही खरा वाटावा, असे कवी म्हणतो. मग हंसाच्या पंखाखालची लीडा, सोन्याच्या पावसातली डॅनाई, ज्वाळेने फसलेली एजायना. ज्युपिटरचे नऊ प्रसंग, नेपच्यूनचे सहा, अपोलोचे चार, बॅकस आणि सॅटर्न यांचा एकेक. किनारीला फुले आणि आयव्हीची वेल.

आता निकालाची ओळ. ऑव्हिड म्हणतो की ते काम पॅलसलाही नावे ठेवता येण्याजोगे नव्हते आणि खुद्द मत्सरालाही नव्हते. त्या यशाने देवी दुखावली आणि तिने ते चित्रमय वस्त्र फाडून टाकले. बस, एवढेच. ‘अरॅक्नी जिंकली’ असे वाक्य नाही, ‘देवी हरली’ असेही नाही. दोष काढता येत नाही याचा अर्थ बरोबरी असाही होऊ शकतो. मात्र ‘यश’ हा शब्द कवीने अरॅक्नीच्या पारड्यात टाकला आहे, हे विसरता येत नाही. त्यातच फाडलेल्या वस्त्राला त्याने जे विशेषण लावले आहे, त्याचे लॅटिनमध्ये दोन अर्थ होतात: ‘देवांचे गुन्हे’ असाही आणि ‘देवांवरील आरोप’ असाही. पहिला अर्थ घेतला तर अरॅक्नी खरे बोलली. दुसरा घेतला तर तिने देवांची निंदा केली. अनुवादकाला यांतील एक निवडावाच लागतो, आणि तो निवडताच अरॅक्नी साक्षीदार ठरते किंवा गुन्हेगार. आपल्याला मिळालेली परस्परविरोधी उत्तरे बहुधा याच फाट्यावरून आलेली असणार.

निकाल नसणे हा कवीचा विसर नव्हे, असे माझे मत आहे, आणि त्याला त्याच काव्यात आधार आहे. आदल्या, म्हणजे पाचव्या, सर्गाच्या शेवटी मिनर्व्हा कलादेवतांच्या तोंडून अशाच एका गायनस्पर्धेची हकीकत ऐकते. त्या स्पर्धेत अप्सरा पंच आहेत, त्या नद्यांची शपथ घेऊन आसनावर बसतात आणि रीतसर निकाल देतात. अरॅक्नीच्या अंगणातही तशाच देवता जमलेल्या आहेत. पण त्यांना कोणी काही विचारतच नाही. एका सर्गात पंच, शपथ, निकाल हे सगळे असावे आणि पुढच्याच सर्गाच्या आरंभी तेच प्रेक्षक हजर असून त्यांतले काहीच नसावे, हा योगायोग मानणे मला जड जाते. जेथे पंचाने बोलायचे तेथे देवीचा हात बोलतो: ती हातातल्या बॉक्सवुडच्या धोट्याने अरॅक्नीच्या कपाळावर तीनदा, चारदा प्रहार करते.

पुढचा भागही लोक दोन तऱ्हांनी सांगतात. अरॅक्नीला हा अपमान सोसत नाही आणि ती गळफास घेते. येथे कवी तिला एकाच दमात ‘अभागी’ आणि ‘तेजस्वी’ अशी दोन विशेषणे देतो. लटकलेली पाहून देवीला दया येते, ती तिला उचलून धरते आणि म्हणते की जग, पण लटकतच राहा, आणि हीच शिक्षा तुझ्या वंशालाही लागू राहील. मग जादूटोण्याची देवी हेकटी हिच्या वनस्पतीचा रस तिच्यावर शिंपडला जातो. केस गळतात, नाक-कान जातात, डोके लहान होते, सडपातळ बोटे कुशीला पायांसारखी चिकटतात, बाकी सारे पोट होते आणि त्या पोटातून ती सूत सोडू लागते. म्हणजे ती स्वतः मरू पाहते, देवी तिला मरू देत नाही, आणि ज्या दोरीवर ती लटकली तीच तिला जन्मभर पुरते. याला दया म्हणावे की शिक्षा? ऑव्हिडने ‘दया’ हाच शब्द लिहिला आहे आणि लगेच पुढे देवीच्या तोंडी ‘शिक्षा’ हा शब्द घातला आहे. एकच शब्द उचलणारा सांगणारा अर्धी कथा सांगतो.

एक सावधगिरीची सूचना. याच इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ऑव्हिडला काळ्या समुद्राकाठी टोमिस येथे हद्दपार केले, आणि त्याने स्वतः त्याची कारणे ‘एक कविता आणि एक चूक’ अशी सांगितली आहेत. त्यामुळे सत्तेने ज्याचे काम फाडले तो कलावंत म्हणजे अरॅक्नी, आणि अरॅक्नी म्हणजे ऑव्हिड, असे समीकरण अनेकांनी मांडले. मध्य नसलेले, प्रसंगामागून प्रसंग वाहणारे तिचे कापड त्याच्या काव्यासारखेच आहे, हे खरेच. पण काव्य बहुतांशी हद्दपारीच्या आधी रचले गेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. स्वतःची शिक्षा त्याने आगाऊ विणून ठेवली, असे म्हणता येत नाही.

प्रश्न : अरॅक्नीच्या भावाची कथा कोठे आहे आणि तिचा ऑव्हिडच्या कथेशी काय संबंध?

उत्तर : इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक कवी निकँडर याने विषारी प्राण्यांवर ‘थेरिआका’ नावाचे काव्य लिहिले. त्याच्या आरंभीच्या एका ओळीवर प्राचीन टीकाकारांनी जी टीप जोडली आहे, तीत थिओफिलस नावाच्या विद्वानाच्या हवाल्याने ही कथा येते. स्थळ लिडिया नव्हे, अ‍ॅटिका. म्हणजे अथेनाचा स्वतःचाच प्रदेश. फॅलँक्स आणि अरॅक्नी ही भावंडे. अथेना भावाला शस्त्रविद्या शिकवते आणि बहिणीला विणकाम. पुढे ही भावंडे एकमेकांशी शरीरसंबंध ठेवतात. देवीला त्याची किळस येते आणि ती दोघांना सरपटणाऱ्या जिवांत बदलते, ज्यांना त्यांची स्वतःचीच पिल्ले खाऊन टाकतात.

ऑव्हिडच्या कथेशी हिचे नाते नावापुरतेच आहे. येथे अरॅक्नी देवीची शिष्या आहे आणि ती ते नाकारत नाही. गुन्हा गर्वाचा नाही, निषिद्ध संबंधाचा आहे. कापड कोणी फाडत नाही. तरी ही कथा मला वरवर वाटते त्यापेक्षा नीट बांधलेली दिसते. ‘फॅलँक्स’ या ग्रीक शब्दाचा एक अर्थ सैन्याची दाट रांग आणि दुसरा अर्थ कोळी. शस्त्रविद्या शिकणाऱ्या मुलाचे नाव फॅलँक्स आणि विणकाम शिकणाऱ्या मुलीचे अरॅक्नी ठेवले की दोघांच्या विद्या आणि दोघांचे भवितव्य नावातच बसते. विषारी कोळ्यांना ग्रीक लोक याच शब्दापासून बनलेले ‘फॅलँगिऑन’ हे नाव देत, म्हणून विषारी प्राण्यांवरच्या काव्याच्या टीकेत ही गोष्ट यावी, हेही स्वाभाविक आहे.

पिल्लांनी खाण्याचा तपशील तर केवळ कल्पना नाही. अ‍ॅरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात प्राण्यांविषयीच्या ग्रंथात नोंदवले आहे की फॅलँगिऑन जातीची पिल्ले वाढली की आईला घेरून मारतात आणि सापडला तर बापालाही सोडत नाहीत. आईला खाणाऱ्या पिल्लांचे हे वर्तन आजच्या प्राणिशास्त्रालाही परिचित आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात आढळणाऱ्या स्टेगोडायफस वंशाच्या कोळ्यांत माता स्वतःचे शरीर पातळ करून पिल्लांना भरवते आणि शेवटी पिल्ले तिला संपवतात. सगळ्या कोळ्यांत असे होत नाही. मात्र प्रत्येक पाठाने कोळ्याची वेगळी खोड समजावून घ्यायचे ठरवले, असे दिसते: लिडियाच्या कथेने त्याचे लटकणे आणि विणणे, अ‍ॅटिकाच्या कथेने त्याच्या घरातले हे भयंकर जेवण.

प्रश्न : मी वाचलेल्या कथेत झ्यूस पंच असतो. हरणारीने पुन्हा मागाला हात लावायचा नाही, अशी शपथ ठरते. अरॅक्नी हरते, विणकामावाचून झुरू लागते, आणि अथेना कळवळून तिला कोळी करते, म्हणजे शपथ न मोडता तिला विणता यावे. हा पाठ कोणाचा?

उत्तर : हा पाठ आजकाल पुष्कळ फिरतो आणि तो हळवा असल्यामुळे लोकांना आवडतोही. पण ऑव्हिड, रोमन ज्ञानकोशकार प्लिनी, निकँडरच्या काव्यावरील टीप यांपैकी कोठेही पंच नाही, शपथ नाही आणि झ्यूस तर नाहीच नाही. झ्यूसला पंच करणे हे कथेच्या पोटात शिरले की जरा विनोदीच वाटते. अरॅक्नीच्या कापडातील एकवीस प्रसंगांपैकी नऊ त्याच्याच फसवणुकीचे आहेत. आरोपीलाच न्यायासनावर बसवल्यासारखे ते होईल. अर्थात ज्यांनी हा पाठ केला त्यांनी तिने काय विणले हे आधीच गाळलेले असते, म्हणून त्यांना ही अडचण जाणवत नाही.

कथा मवाळ करण्याची ही वाट जुनीच आहे. अमेरिकन लेखक थॉमस बुलफिंच याने १८५५ साली पुराणकथांचा जो लोकप्रिय संग्रह काढला, त्यात देवी धोट्याने अरॅक्नीचे कापड फाडते. पण कपाळावरचे तीन-चार प्रहार गेले आणि त्या जागी देवीने कपाळाला केवळ स्पर्श करून तिच्या मनात अपराधाची आणि लाजेची जाणीव उत्पन्न करणे आले. ऑव्हिडची अरॅक्नी अपमानाने गळफास घेते. बुलफिंचची अरॅक्नी पश्चात्तापाने. मुलांसाठीच्या कितीतरी आवृत्त्या या स्पर्शापासून निघाल्या असाव्यात, असे त्या वाचताना वाटते.

इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरने मात्र १५९१ साली छापलेल्या एका काव्यात सरळ निकालच लावून टाकला, आणि तो मला आवडतो, कारण त्याने निदान मागावरच लावला. त्याची मिनर्व्हा ऑलिव्हच्या पानांच्या किनारीत एक फुलपाखरू विणते. ते इतके जिवंत उतरते की अरॅक्नी अवाक् होते आणि मनोमन हार मानते. तेथे देवी तिला कोळी करत नाही. तिचा स्वतःचाच मत्सर तिच्या अंगात विषासारखा भिनतो आणि ती आपोआप कोळी होते. ऑव्हिडमध्ये ज्या मत्सराला तिच्या कामात खोट काढता आली नव्हती, तो येथे तिच्याच पोटात शिरला.

प्रश्न : अरॅक्नी ही प्रत्यक्षात होऊन गेलेली स्त्री होती, असेही काही ठिकाणी म्हटले आहे. त्यात तथ्य आहे काय?

उत्तर : तथ्य नाही, परंतु या समजुतीचे मूळ सांगता येते. इ. स. ७७ च्या सुमारास प्लिनीने आपल्या ज्ञानकोशाच्या सातव्या भागात कोणत्या वस्तूचा शोध कोणी लावला याची लांबलचक यादी दिली आहे. तीत जवसाच्या धाग्याचे लिनन आणि जाळी यांचा शोध अरॅक्नीच्या नावे आहे, आणि लोकर कातण्याच्या चातीचा शोध तिचा मुलगा क्लोस्टर याच्या नावे. क्लोस्टर या शब्दाचा ग्रीक अर्थच मुळी चाती! या यादीत पैज नाही आणि कोळीही नाही. विणकाम आणि जाळी एकाच बाईच्या नावावर टाकण्याचे मराठी वाचकाला फारसे नवल वाटू नये. आपल्या भाषेत जाळे टाकणारा माणूस आणि जाळे विणणारा जीव, दोघेही कोळीच.

प्लिनीचा हा धागा पकडून चौदाव्या शतकात बोकाचिओने अरॅक्नीला प्रसिद्ध स्त्रियांच्या चरित्रांत घेतले, मात्र तिच्या गर्वाबद्दल तिला चांगलेच सुनावले. १४०५ साली क्रिस्तीन द पिझान या लेखिकेने स्त्रियांच्या कर्तृत्वाची बाजू मांडणाऱ्या आपल्या ग्रंथात तिचा समावेश केला, तेव्हा लोकर रंगवण्यापासून जवसाची लागवड आणि जाळी विणण्यापर्यंतच्या विद्या देणारी बुद्धिमान स्त्री म्हणून तिचा गौरव केला. या दोघांपैकी कोणीही तिला कल्पित मानलेले नाही, आणि आपण म्हणता तो समज बहुधा याच परंपरेतून टिकला आहे.

प्रश्न : व्हेलाझकेझच्या ‘सूत कातणाऱ्या स्त्रिया’ या चित्राचा अरॅक्नीशी संबंध कसा? त्यात तर साधा कारखाना दिसतो.

उत्तर : फार काळ सर्वांना तसेच दिसत होते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील हे चित्र साधारण १६५५ ते १६६० या काळातले असून, ते एका विणकामशाळेचे दृश्य आहे असेच मानले जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यास १६६४ सालची एका खासगी संग्रहाची यादी उजेडात आली आणि तीत या चित्राची नोंद ‘अरॅक्नीची कथा’ अशी निघाली. त्यानंतर लोकांनी चित्राच्या पुढच्या भागावरची नजर उचलून मागे नेली.

पुढे अंधारात पाच स्त्रिया लोकरीचे काम करत आहेत. डावीकडची वृद्धा चरखा फिरवते आहे आणि तो इतक्या वेगाने फिरतो आहे की त्याचे आरे दिसतच नाहीत. अरॅक्नीच्या काळी चरखा नव्हता, चाती होती. पण त्या चुकीमुळे चित्राला जो वेग आला आहे, तो पाहता चित्रकाराला माफ करावे. ही वृद्धा म्हणजे वेषांतर केलेली देवी आणि पाठमोरी तरुणी म्हणजे अरॅक्नी, असे काही अभ्यासक म्हणतात. मागे दोन पायऱ्या चढून गेल्यावर उजेडात न्हालेली एक खोली आहे. तेथे शिरस्त्राण घातलेली देवी हात उगारून उभी आहे, तिच्यासमोर अरॅक्नी आहे आणि भिंतीवर चित्र विणलेला एक पडदा टांगला आहे. त्यावर बैलाच्या पाठीवरची युरोपा आहे, म्हणजे ऑव्हिडच्या अरॅक्नीने विणलेला पहिलाच प्रसंग. ते चित्र व्हेलाझकेझने टिशियनच्या युरोपावरून घेतले आहे, आणि टिशियनचे ते मूळ चित्र त्या वेळी स्पेनच्या राजसंग्रहातच होते. आपल्या गुरुस्थानी असलेल्या चित्रकाराचे काम त्याने विणकरणीच्या हातचे म्हणून दाखवले, यावरून ती हरली असे त्याला वाटत नसावे.

रोममध्ये सम्राट नर्व्हाच्या चौकात, इ. स. ९७ मध्ये लोकार्पण झालेल्या वास्तूच्या पट्टीवरही हीच कथा कोरलेली असल्याचे सामान्यतः मानले जाते. तेथे शिल्पकाराने शिक्षेचा क्षण निवडला आहे. व्हेलाझकेझने त्याच्या लगेच आधीचा क्षण निवडला: देवीचा हात वर गेला आहे, आणि कापड अजून अखंड आहे.